दाखला सगळ्यात शेवटी

पत्र कागल तालुक्यातल्या मुलीचं आहे, पण पुण्यात बसून लिहिलेलं. नाव-गाव काढून आणि थोडं आखडून देते:

“मावशी, नमस्कार. मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली, निकाल लागायचाय. मला दुसऱ्या वर्षाला कोल्हापूरला यायचंय. इथं कॉटचं भाडं ४,५००, मेस ३,२००, बाकी धरून महिन्याला ९,००० जातात आणि अभ्यास होत नाही. खोलीत चौघी, रात्री दोनपर्यंत लाईट आणि फोन. पप्पा पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, ३० गुंठे ऊस आहे. त्यांना मी काही बोललेले नाही, कारण त्यांनी गावभर सांगितलंय, पोरगी पुण्याला शिकते. महिनाभरात पाच कॉलेजांत चौकशी केली. फॉर्म आणि प्रॉस्पेक्टसचे २,९००, झेरॉक्स-कुरिअर ६४०, गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट ६००, आणि घरी न कळवता दोनदा कोल्हापूरला येऊन गेले त्याचे ट्रॅव्हल्सचे १,९६०. एकूण ६,१००. त्यातले २,००० मैत्रिणीचे आहेत. एका कॉलेजनं ‘निकाल आणा मग बघू’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘दाखला आणा’, तिसरं फोनच उचलत नाही. एक सर भेटलेत, कन्सल्टन्सीवाले. १२,००० दिले तर सीट पक्की म्हणतात. आता वाटतं इथला दाखला काढूनच टाकावा, म्हणजे मागं फिरायचा प्रश्नच उरणार नाही. रात्री झोप लागत नाही, सारखा हिशेब चालू असतो. काय करू?”

पोरी,

दाखल्याचं वाक्य वाचलं आणि आधी फोन करावा असं वाटलं, पण नंबर दिलेला नाहीस. म्हणून पहिल्यांदा तेवढंच सांगते. दाखला काढू नकोस. काढायला निघाली असशील तर परत फिर आणि उरलेलं उत्तर खोलीवर बसून वाच.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, त्यातली अकरा दाखल्याच्या टेबलावर. त्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असतं. नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला, सोडण्याचं कारण, वर्तणूक. वर्तणूक सगळ्यांची ‘चांगली’च असते, ते सोड. पण त्या रजिस्टरला ओळ पडली, दाखल्याला क्रमांक पडला आणि प्राचार्यांची सही झाली, की ते पोर आमचं राहत नाही. हजेरीपटावरचं नाव जातं, परीक्षेच्या फॉर्मला हक्क राहत नाही, बोनाफाईड मागायला आलं तरी देता येत नाही.

एका जुलैत चंदगडकडची एक मुलगी खिडकीवर आली. रडवेली झालेली. “मॅडम, आजच पाहिजे, तिकडं उद्या शेवटची तारीख आहे.” एरवी आमच्याकडं दाखल्याला तीन दिवस लागायचे. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, जिमखान्याची सही, कॅशियरची सही, कुणी रजेवर तर कुणी चहाला. मी म्हटलं, होऊ दे पोरीचं काम. स्वतः उठून चारी सह्या फिरून आणल्या आणि तासाभरात दाखला तिच्या हातात ठेवला. नवव्या दिवशी ती परत आली, वडिलांना घेऊन. तिकडं जागा होती ती दुसऱ्याच विषयाला. फोनवर कुणीतरी “या, जागा आहे” एवढंच सांगितलं होतं आणि कुठल्या विषयाला हे हिनं विचारलं नव्हतं. मग पुनर्प्रवेशाचा अर्ज, प्राचार्यांची परवानगी, विलंब शुल्क, नवा रोल नंबर. आणि मी दिलेल्या त्याच दाखल्यावर माझ्याच हातानं तांबड्या शाईत आडवं ‘रद्द’ लिहायचं. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून चार वाजेपर्यंत बाकावर बसून होते. मी नियमाप्रमाणं तीन दिवस लावले असते तर तेवढ्यात तिला तिकडची खरी बातमी कळली असती. मला वाटलं होतं मी चांगुलपणा करतेय.

तेव्हा तुला ‘दाखला आणा’ म्हणणाऱ्या कॉलेजचं मला आश्चर्य नाही. खिडकीवरचा माणूस यादी वाचून दाखवतो. काय काय लागतं ते यादीत असतं, कशाच्या आधी काय हे नसतं. ते मी सांगते. आधी जागा आहे की नाही याची खात्री, मग तुझं पहिलं वर्ष तिथं धरलं जाईल की नाही याची खात्री, मग तात्पुरता प्रवेश, आणि तो पावतीनिशी हातात आला की पुण्याचा दाखला. मायग्रेशन त्याच्याही नंतर.

मायग्रेशनची भानगड तुझ्या वाट्याला का आली हे समजून घे. सांगलीहून किंवा साताऱ्याहून कोल्हापूरला येणार असतीस तर ती नसती, कारण कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचेच. तू येतेस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून. म्हणजे नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठ बदलतंय. जुन्या विद्यापीठानं ‘हिला सोडलं’ म्हणायचं, ते मायग्रेशन. नव्यानं ‘हिला घेतलं’ म्हणायचं, ती पात्रता, म्हणजे आपण ज्याला एलिजिबिलिटी म्हणतो ते. मायग्रेशन तू पुण्याच्या विद्यापीठाकडं मागायचंस. पात्रतेचा फॉर्म मात्र नवीन कॉलेज भरून घेतं आणि तेच विद्यापीठाला पाठवतं. दोन्हीला फी असते, पण ती काही शेकड्यांतली बाब आहे, तिची धास्ती घेऊ नकोस. मायग्रेशन हातात नाही म्हणून सहसा कुणी प्रवेश अडवत नाही, नंतर आणून द्यायला मुदत देतात. ती मुदत किती, ते विचारून वहीत लिहून ठेव. लोक विसरतात, आणि मग मार्चमध्ये परीक्षेच्या फॉर्मला गाडी अडते. माझ्या टेबलासमोर दर वर्षी त्या महिन्यात अशा चार-सहा जणांची रांग असायची आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, “कुणी सांगितलंच नाही.”

आता तुझा हिशेब.

६,१०० चा कागद मी दोनदा वाचला. गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट तुला कुणी काढायला लावलं? तुझं एकही वर्ष मोडलेलं नाही, बारावी झाली आणि सरळ पहिल्या वर्षाला गेलीस. गॅप कुठाय? ते ६०० गेले. प्रॉस्पेक्टसचं म्हणशील तर विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली कॉलेजांना स्पष्ट कळवलंय की माहितीपुस्तिका विकत घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. त्याच सूचनेत असंही आहे की अर्जाबरोबर मूळ कागदपत्रं मागू नयेत, स्वतः सही केलेल्या झेरॉक्स चालतात, आणि मुलांची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं ठेवून घेऊ नयेत. हे खिडकीवर भांडण्यासाठी सांगत नाही. भांडणारी पोरं आम्हाला लक्षात राहायची आणि त्यांच्या फायली खाली जायच्या, हे पाप कबूल करते. पण माहीत असलेलं बरं. “मॅडम, पुस्तिका नको, नुसता फॉर्म द्या” हे शांतपणे म्हणता येतं.

आणि ट्रॅव्हल्स. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुला माहीत नाही असं नाही. तरी दोन्ही वेळा ट्रॅव्हल्स. कारण उघड आहे. रात्री पुण्यातून निघायचं, पहाटे कोल्हापुरात उतरायचं, दिवसभर कॉलेजं फिरायची आणि रात्रीच्या गाडीनं परत, म्हणजे पप्पांचा फोन आला तर तू खोलीवरच आहेस. स्टँडवरून तुझ्या गावाची गाडी सुटताना दिसली असेल. घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन तू दोनदा घरी न जाता परत गेलीस. वीस वर्षांची सुद्धा नाहीस, आणि हॉटेलात मिसळ खाऊन, तोंड धुवायला स्टँडच्या नळावर जाऊन परत गेलीस. मिसळीचं आणि नळाचं तू लिहिलेलं नाहीस, ते मी धरून चाललेय, पण फार चुकले नसेन.

तर माझं म्हणणं असं. यातले निम्मे तरी पैसे कॉलेज बदलायला लागलेले नाहीत, ते लपवायला लागलेत. चोरून काम करणाऱ्याला चार ठिकाणी विचारता येत नाही, घासाघीस करता येत नाही, थांबता येत नाही. जो पहिला “करून देतो” म्हणेल त्याच्याकडं पाय वळतात. तुझे ते कन्सल्टन्सीवाले सर त्याच वाटेवर उभे आहेत. त्यांना १२,००० देऊ नकोस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जागा असली तर ती फॉर्म भरून मिळते आणि नसली तर १२,००० देऊन तयार होत नाही. मधला माणूस करतो काय, तर तोच फॉर्म घेऊन त्याच खिडकीवर जातो. जागा मिळाली तर श्रेय त्याचं, नाही मिळाली तर “यंदा फार टाइट होतं.” पावती मागून बघ, देतो का.

तुझा खर्च मोठा आहे का? पुण्याचे महिन्याला ९,०००, म्हणजे दहा महिन्यांचे ९०,०००. फी वेगळीच. त्यापुढं बदलीचा सगळा खर्च, अगदी आतापर्यंत वाया गेलेला धरून, एका महिन्याच्या खोली-मेसपेक्षा फारसा वर जाणार नाही. पण तो महिनाभरात येतो, मे-जूनात येतो, आणि तुझ्या एकटीच्या खिशातून येतो. म्हणून तो रात्री छातीवर बसतो.

मे-जूनचं मुद्दाम म्हटलं. आपल्याकडं उसाचं बिल येतं गळीत हंगामात आणि ते सोसायटी, खताचं दुकान, लग्नकार्य यांत तिथल्या तिथं जिरतं. जून उजाडतो तेव्हा पेरण्या, शाळेची दप्तरं आणि कॉलेजची फी हे तिन्ही एकाच आठवड्यात दारात उभं राहतं. कोल्हापुरातल्या कॉलेजांना हे माहीत असतं. फी हप्त्यानं भरू द्यावी असा साधा अर्ज प्राचार्यांच्या नावानं कर, वडिलांच्या सहीनं. खिडकीवर विचारलं तर “तसं काही नसतं” असं उत्तर येईल, कारण तो अधिकार खिडकीचा नाही. प्राचार्यांच्या केबिनबाहेर थांबायचं. सगळेच हो म्हणतात असं नाही, पण माझ्या काळात बहुतेकांना दोन हप्ते तरी मिळायचे.

आता कॉलेजात जाऊन नक्की काय विचारायचं. सोमवारी जाऊ नकोस, सोमवारी ऑफिसात शनिवारचंही तुंबलेलं असतं. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेदहा-अकराला जा. आणि आधी ऑफिसात नको, रसायनशास्त्राच्या विभागात जा, विभागप्रमुखांना भेट. जागा रिकामी आहे का हे ऑफिसला कळतं, पण तुझं पहिलं वर्ष त्यांच्या पहिल्या वर्षाशी जुळतं का हे विभागालाच सांगता येतं. बरोबर पहिल्या सेमिस्टरची गुणपत्रिका ने आणि पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम छापून ने, सगळ्या विषयांचा. ही प्रत शंभरातलं एखादंच पोर आणतं. ज्यानं आणली त्याचं बोलणं दहा मिनिटांत होतं, बाकीच्यांना “बघून सांगतो”.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर लोकांना वाटायला लागलंय की क्रेडिट बँकेत पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा आहेत म्हणजे एटीएमसारखे कुठूनही काढता येतील. २०२१ च्या जुलैत ती बँक सुरू झाली हे खरं, आणि डिजिलॉकरवरून तुझा खातेक्रमांक निघतो हेही खरं. तो काढलेला नसशील तर आज काढ. पण दोन्ही सेमिस्टरचे मिळून चाळीसेक क्रेडिट तिथं दिसले तरी विषय जुळायला पाहिजेत. रसायनशास्त्र सगळीकडं आहे. तुझा दुय्यम विषय त्या कॉलेजात शिकवतात का? नसतील शिकवत तर दुसऱ्या वर्षाबरोबर पहिल्या वर्षाचे एक-दोन पेपर जादा द्यावे लागतील का? कोल्हापुरातली काही कॉलेजं स्वायत्त आहेत, त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या इतर कॉलेजांपेक्षा वेगळा असतो, तिथं हा प्रश्न आणखी नीट विचार. आणि दुसऱ्या सेमिस्टरला एखादा विषय राहिला तर काय, हेही आत्ताच विचारून ठेव. राहिलेला पेपर पुण्याच्या विद्यापीठाचा असणार, आणि बऱ्याच ठिकाणी या एका कारणानं बाहेरच्या मुलांना नाही म्हणतात. तुला ‘निकाल आणा मग बघू’ म्हणणारं कॉलेज मला त्यातल्या त्यात सरळ वाटलं.

जागेबद्दल विचारताना एक शब्द विसरू नकोस: अनुदानित. एकाच कॉलेजात, एकाच वर्गाची एक तुकडी अनुदानित असते आणि दुसरी विनाअनुदानित. बाक तेच, फळा तोच, शिकवणारे सरही कधीकधी तेच, पण फीत जमीन-अस्मानाचा फरक. बाहेरून येणाऱ्याला सहसा विनाअनुदानित तुकडी दाखवतात, कारण जागा तिथंच असतात. अनुदानित तुकडीतून कुणी गेलंय का, प्रतीक्षायादी आहे का, हे विचार. आणि फी विचारताना “फी किती” एवढंच विचारू नकोस, “वर्षाची सगळी मिळून किती आणि त्यातली अनामत किती” असं विचार.

हे सगळं बोलून झालं की एका कागदावर अर्ज लिही. मी अमुक, तमुक वर्षाला, या विषयाला प्रवेश इच्छिते, जागा आणि विषयांची समकक्षता कळवावी. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. याला पोच म्हणतात. खिडकीवर तोंडी विचारलेल्या प्रश्नाला कुणी वाली नसतो, बदलून दुसरा क्लार्क आला की तो प्रश्न संपला. आवक रजिस्टरला चढलेल्या कागदाला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पाच कॉलेजांत हे करायची गरज नाही, दोन पुरेत.

पुण्याच्या दुसऱ्या वर्षाची फी अजून भरलेली नसशील असं पत्रावरून दिसतं. भरू नकोस, शेवटच्या तारखेपर्यंत थांब. आणि कोल्हापुरात भरलीस आणि बेत बदलला, तरी आभाळ कोसळत नाही. त्याच २०१८ च्या सूचनेत परताव्याचा तक्ता आहे: प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झाली असेल तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तेही ५,००० च्या वर नाही, एवढंच कापता येतं. त्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असताना रद्द केलं तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, महिन्यापर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. म्हणून ती तारीख कुठली, हे फी भरायच्या आधी माहीत पाहिजे. पुण्याच्या कॉलेजात ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची अनामत ठेवलेली असेल, ती दाखल्याबरोबरच मागून घे. नंतर त्यासाठी कुणी पुण्याला जात नाही, कॉलेजांत अशा न नेलेल्या अनामती पडून असतात. खोलीचं डिपॉझिट आणि नोटिशीचा महिना कधीपासून धरतात तेही बघ. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज केलेला असशील तर महाडीबीटीवर तो कुणाच्या लॉगिनला अडकलाय ते तपास. कॉलेजकडंच पडून असेल तर दाखला मागायला गेल्यावर “आधी फीची थकबाकी भरा” असं ऐकावं लागतं, आणि ते ऐकून पोरं गांगरतात.

यायचं की नाही, हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारल्यासारखं आहे. माझं मत विचारशील तर ये. तुझा विषय असा नाही की तो पुण्यातच शिकता येतो. एम.एस्सी.ला पुन्हा पुणं, मुंबई, कुठंही जाता येईल. तोवर खोली, मेस आणि लाईट यांच्याशी भांडण्यात दोन वर्षं घालवायची हौस कशाला? फक्त गावाकडून अप-डाऊन म्हणजे सुख नव्हे, हे धरून चल. प्रॅक्टिकल पाचला संपणार, गाडी सुटलेली असणार, घरी गेल्यावर “आलीस? जरा पीठ मळ” ऐकू येणार. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. सेमिस्टरच्या शेवटचे दोन महिने कोल्हापुरातच मुलींच्या वसतिगृहात राहायला मिळतं का, ते याच फेरीत विचारून ठेव.

गाव काय म्हणेल, याचं. म्हणेल दोन दिवस. पण बाई, राहायची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर हुशार असून शहरात टिकत नाही, कारण त्याला राहायला-जेवायला परवडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. दसरा चौकात उभी राहून चारी बाजूंना बघ, त्यातल्या काही इमारती दिसतील. परवडेना म्हणून मुक्काम बदलला यात तुझी हार कुठली ते मला कळत नाही.

पप्पांना सांगायचं कसं, तर फोनवर नको. या शनिवारी घरी जा. एसटीनं, दिवसा. जेवणं झाल्यावर कागद पुढं ठेव, आणि त्यावर दोनच आकडे लिही: पुण्याचं वर्षाचं राहणं ९०,०००, आणि कोल्हापूरला आल्यावर जो पास, डबा, पुस्तकं यांचा खर्च येईल तो. फाउंड्रीतला माणूस आहे. साचा बिघडला तर ओतलेलं लोखंड परत वितळवून घेतात, कुणी त्याच्यावर रडत बसत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चिडले तर चिडू देत. माझ्या खिडकीसमोर मी शेकडो बाप बघितले. पोरीनं कॉलेज बदललं म्हणून चिडलेले थोडे. आपल्याला शेवटी कळलं म्हणून चिडलेले खूप.

६,१०० चंही सांगून टाक, १२,००० वाल्याचंही. आणि पुढच्या कॉलेजच्या फेरीला त्यांना बरोबर घे. एक सुट्टी टाकतील. ऑफिसात बाप शेजारी उभा असला की खिडकीचा सूर बदलतो. हे असं असू नये, पण आहे.

झोपेचं मी हसण्यावारी नेत नाही. घरी बोलल्यावरही आठ-दहा दिवस झोप आली नाही, छातीत धडधडत राहिलं किंवा नको नको ते मनात आलं, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. तुझ्या कॉलेजातल्या कुणाला कळत नाही.

पुण्याचा दाखला किती दिवसांत देतात, एवढं मात्र आताच विचारून ये. नुसतं विचारून ये. अर्ज देऊ नकोस.

आणि मैत्रिणीचे २,००० घरून परत आलीस की रविवारीच देऊन टाक. चौघींच्या खोलीत अजून महिनाभर तरी काढायचाय.

— मावशी